परमुलखातला पोलीस नाका आणि आपले कागद



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहावे ही रीत. या वेळी थोडे रस्त्याविषयी लिहितो. त्याचे कारण सभासदांनीच दिले आहे. गाळप हंगाम आटोपला, टायरगाड्यांची वर्दळ थांबली, की जुलैच्या आडसाली लागणीपर्यंत आपला शेतकरी जरा मोकळा होतो. कोणी घरची जीप घेऊन पशुपतीनाथ, मुक्तिनाथाला निघतो. कोणाची लेक अमेरिकेत, कोणाचा मुलगा ऑस्ट्रेलियात. ती मंडळी आईबापाला दोनचार महिन्यांसाठी बोलावून घेतात. मग गट ऑफिसात उसाच्या नोंदीबरोबर असेही प्रश्न येतात, "साहेब, तिकडं आपलं लायसन चालतं का? पोलिसांनी अडवलं तर काय करायचं?"

प्रश्न साधा दिसतो. पण परमुलखात त्याचे उत्तर ठाऊक नसले तर यात्रा मोडते, पैसा जातो आणि क्वचित प्रसंगी जिवावर बेतते.

आपल्या सवयी

आपल्या भागात गाडी अडवली की काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. जंक्शनच्या चौकात किंवा भिगवणजवळ हवालदाराने हात केला की चालक लगेच खाली उतरतो, हसतमुखाने पुढे जातो. कागद गाडीत असतील नसतील, पण खिशातला फोन आधी बाहेर निघतो. "जरा आमच्या साहेबांशी बोला," असे म्हणून तो फोन हवालदाराच्या हातात दिला जातो. तेही जमले नाही तर घडी केलेली नोट पुढे येते.

खाली उतरणे, ओळख सांगणे आणि नोट काढणे या तिन्ही सवयी परदेशात अंगलट येतात. तिकडे पुढाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. तिकडे आपल्या बाजूने बोलतो तो फक्त कागद.

ऊसवाल्यांचा जुना अनुभव

नाक्यावर कागद दाखवणे ही गोष्ट उसातल्या माणसांना नवी नाही. सन १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे गिरमिटावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर ती माणसे उतरली, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला.

गिरमिटाची पाच वर्षे भरली की माणूस मोकळा, असे कागदोपत्री होते. परंतु १८६७ साली तिथे असा कायदा झाला की, मुदत भरलेल्या मजुरानेही पोलिसांकडून घेतलेला पास फोटोसह सतत जवळ बाळगावा. आपला जिल्हा सोडून परवान्याविना दुसऱ्या जिल्ह्यात गेला, किंवा रस्त्यात पोलिसाने मागितल्यावर पास निघाला नाही, तर तो भटक्या ठरून अटकेत जाई. कामावरून घरी जाणारी, पाहुण्याकडे निघालेली माणसे अशी धरली गेली. १८७१ साली अडोल्फ द प्लेवित्झ नावाच्या मळेवाल्याच्या मदतीने ९,४०१ मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. १८७२ साली इंग्लंडहून चौकशी आयोग आला, आणि १८७५ च्या अहवालात या मजुरांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे नमूद झाले.

ही हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की, त्या काळी कागद हा माणसाला बांधून ठेवणारा दोर होता. आज तोच कागद आपल्या हातातला हक्क आहे. तेव्हा तो हलक्या हाताने धरू नये.

घरची जीप घेऊन नेपाळात

आपल्या गावची गाडी आपल्या माणसांनी चालवत परदेशात नेण्याचा प्रसंग येतो तो बहुधा नेपाळातच. गोरखपूरवरून सोनौलीची हद्द ओलांडली की पलीकडे भैरहवा लागते. नेपाळात वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि आपला वाहन परवानाही चालतो. त्यामुळे पुष्कळांना हा परदेशच वाटत नाही. घोटाळा होतो तो इथेच.

हद्दीवर नेपाळच्या जकात कार्यालयात गाडीची नोंद करून दिवसांच्या हिशेबाने पैसे भरावे लागतात. याला तिकडे 'भन्सार' म्हणतात. पुढे महामार्गावर ठिकठिकाणी पोलीस हीच पावती मागतात. पावती नसेल किंवा तिची मुदत संपली असेल तर दंड होतो, गाडीही अडकून पडते. आता एक बारीक गोष्ट. नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो. पावतीवरचे आकडे देवनागरीत असतात म्हणून आपल्याला वाचता येतात, पण साल असते सत्तावन्न वर्षे पुढचे, आणि वैशाख सुरू होतो एप्रिलच्या मध्याला. महिनाही कधी ३१, कधी ३२ दिवसांचा. त्यामुळे मुदत कोणत्या दिवशी संपते हे तिथल्या कारकुनाला इंग्रजी तारखेत विचारावे आणि आपल्या वहीत लिहून ठेवावे. दरडीने रस्ता बंद पडण्याचा संभव धरून दोन दिवस जास्तीचे भरावेत. उसाला पाण्याची पाळी देताना आपण वीज जाणार हे धरूनच चालतो ना, तसेच हे.

सोबत काय असावे? गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि चालकाचा परवाना. गाडी भावाच्या किंवा पाहुण्याच्या नावावर असेल तर त्याचे संमतीपत्र. भाड्याच्या, म्हणजे पिवळ्या पाटीच्या गाडीला वेगळा परवाना लागतो, त्याची चौकशी आधी करावी. माणसांसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्यावे. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसांना नेपाळसाठी आधार कार्ड चालत नाही, आणि आपली मंडळी नेमके तेवढेच खिशात घालून निघतात.

विम्याचीही एक बाब आहे. आपल्या गाडीचा विमा हा भारतापुरता असतो. जादा हप्ता भरला तर विमा कंपनी त्याचे क्षेत्र नेपाळपर्यंत वाढवून देते. निघण्यापूर्वी हे काम करून लेखी घ्यावे. घाटात काही बरेवाईट घडले आणि विमा लागू झाला नाही, तर दोन हंगामांचे उसाचे बिलही पुरणार नाही.

नेपाळचे वाहतूक पोलीस दारूबाबत फार कडक आहेत. रात्रीच्या तपासणीला तिकडे 'मापसे' म्हणतात, म्हणजे मादक पदार्थ सेवन. नियम मोडला तर पोलीस परवाना ठेवून घेऊन चिठ्ठी देतात. दंड भरून परवाना सोडवून आणायचा असतो. ती चिठ्ठी जपून ठेवावी.

आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे काय

नेपाळ सोडून इतर देशांत गाडी चालवायची असेल तर बहुधा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. १९४९ साली जिनिव्हा येथे रस्ता वाहतुकीबाबत जो करार झाला, त्यात भारत सामील आहे आणि हा परवाना त्या कराराखाली मिळतो. आपल्या दोन्ही तालुक्यांचे काम बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे एम.एच. ४२ मध्ये होते. नमुना ४-अ चा अर्ज, चालू वाहन परवाना आणि पासपोर्ट लागतो. मूळ शुल्क १,००० रुपये. मुदत एक वर्षाची. आधी मूळ परवान्याची मुदत संपली तर याचीही तिथेच संपते.

हा परवाना म्हणजे मूळ परवान्याचे निरनिराळ्या भाषांतले भाषांतर होय. मूळ परवाना सोबत नसेल तर नुसत्या पुस्तिकेला किंमत नाही. इंटरनेटवर घरबसल्या "आंतरराष्ट्रीय लायसन" विकणारे खाजगी लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नये. तसेच हा परवाना सगळीकडे चालतो असेही नाही. चीनमध्ये तो मानीत नाहीत. दुबईकडे पाहुणा म्हणून गेलेल्यास तो चालतो, पण नोकरीनिमित्त तिथे राहणाऱ्यास तिथलाच परवाना काढावा लागतो. ग्रेट ब्रिटनमध्ये आपल्या चालू परवान्यावर बारा महिने मोटार चालवता येते. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे, तेव्हा मुलाला आधी विचारून घ्यावे.

आणखी एक. "मुलाची गाडी बापाने चालवली तर बिघडले काय?" असे पुष्कळांना वाटते. प्रश्न मालकीचा नसून विम्याचा आहे. गाडी भाड्याची असेल तर करारात ज्याचे नाव आहे त्यानेच चालवायची. घरची असेल तर विम्यात पाहुणा चालक बसतो की नाही, हे पाहूनच किल्ली हातात घ्यावी. शिवाय अमेरिका, जर्मनी, दुबई इथे वाहने उजव्या बाजूने चालतात. चाळीस वर्षे डाव्या बाजूने चालवलेला हात मोकळ्या रस्त्यावर नकळत डावीकडे जातो.

मागून दिवे लागले तर

अमेरिकेत पोलीस बहुधा हात करून अडवीत नाहीत. पोलिसांची गाडी मागे येते आणि तिचे लाल-निळे दिवे लुकलुकू लागतात. लगेच उजवा इशारा देऊन सुरक्षित जागी रस्त्याच्या उजव्या कडेला थांबावे. त्यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खाली उतरू नये. काच खाली करावी, रात्र असेल तर आतला दिवा लावावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत आणि पोलीस येईपर्यंत गप्प बसावे. कागद खणात असतील तर "खणात आहेत, काढू का?" असे विचारून मग हात घालावा. त्या देशात पुष्कळांकडे बंदुका असतात. न सांगता खणाकडे किंवा खिशाकडे गेलेला हात पाहून पोलिसाला वेगळीच शंका येते.

आपल्याच भागातल्या एका वयस्कर सभासदांनी मला सांगितले. जावई गाडी चालवत होते, हे मागच्या सीटवर. गाडी थांबताच हे सवयीने दार उघडून नमस्कार करायला खाली उतरले. पोलिसाने भोंग्यावरून ओरडून त्यांना परत आत बसायला लावले. "आपण तर हात जोडायला चाललो होतो," असे ते म्हणाले. खरे आहे, पण समोरच्याला जोडलेले हात ठाऊक नसतात. इथे जी अदब, ती तिथे धोक्याची खूण ठरते. म्हणून चालकाबरोबर आत बसलेल्यांनीही हा नियम पाळावा.

पोलिसाने दंडाची चिठ्ठी लिहिली तर तिथे हुज्जत घालू नये. पुष्कळ राज्यांत त्या चिठ्ठीवर सही घेतात. ती सही गुन्हा कबूल केल्याची नसून कोर्टाच्या तारखेची किंवा दंडाची दखल घेतल्याची असते. मान्य नसेल तर कोर्टात सांगता येते. मात्र चिठ्ठी घरी नेऊन विसरू नये. आपण भारतात परतलो तरी ती तिथे जिवंत राहते आणि पुढच्या खेपेस आडवी येते.

मेक्सिकोच्या हद्दीजवळच्या राज्यांत, म्हणजे टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्नियात, हद्दीपासून बऱ्याच आत महामार्गावर सीमा दलाचे नाके असतात. तिथे प्रत्येकाला नागरिकत्व विचारतात. १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे नाके कायदेशीर ठरवले. पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांनी तिकडे फिरायला निघताना पासपोर्ट आणि प्रवेशाची नोंद जवळ ठेवावी. अठरा वर्षांवरील परदेशी माणसाने आपला नोंदणीचा कागद नेहमी जवळ बाळगावा, असा तिथला कायदा आहे.

ऑस्ट्रेलियातली तऱ्हा निराळी. तिथे काहीही चूक नसताना रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीला थांबवून चालकाला नळीत फुंकायला लावतात. व्हिक्टोरिया राज्यात १९७६ साली आणि न्यू साऊथ वेल्समध्ये १९८२ साली ही पद्धत सुरू झाली. मनावर घेण्याचे कारण नाही. फुंकावे आणि पुढे जावे. तिथे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्काच्या आतच असावे लागते. इंग्लंडात ही मर्यादा ८०, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०, आणि आपल्या भारतात फक्त ३० मिलिग्रॅम. म्हणजे या बाबतीत आपला कायदा त्यांच्याहून कडक आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पावतीशिवाय पैसा नाही

युरोपातल्या काही देशांत, उदाहरणार्थ जर्मनीत, परदेशी चालकाकडून दंडाची रक्कम किंवा अनामत जागेवरच घेतली जाते. ते कायदेशीर आहे. मग दंड कोणता आणि लाच कोणती, हे ओळखायचे कसे? आपल्याला हे शिकवायला नको. वजनकाट्यावर ऊस रिकामा केल्यावर पावती हातात आल्याशिवाय आपण काटा सोडतो का? तेच इथे. पावती मिळते तो दंड. पावती मागितल्यावर जो आकडा खाली येतो, तो दंड नव्हे. शांतपणे पावती मागावी, अंमलदाराचे नाव व क्रमांक लिहून घ्यावा, आणि पासपोर्ट ठेवून घेतला गेला व प्रकरण वाढले तर आपल्या वकिलातीला कळवावे. वकिलातीचा फोन नंबर निघण्यापूर्वीच वहीत लिहिलेला असावा. आपण होऊन नोट काढणे तर कुठेच करू नये. साध्या दंडाच्या जागी तुरुंगाचा गुन्हा आपणच ओढवून घेतो.

आणि घरच्या नाक्यावर

जी शिस्त परदेशात पाळायची ती सवय इथेच लागते. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. गणवेशातील पोलिसाने मागितल्यावर परवाना दाखवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले मोबाईलवरचे कागदही ग्राह्य आहेत. कागद जवळ नसेल तर पंधरा दिवसांत हजर करण्याची तरतूद नियम १३९ मध्ये आहे. पोलिसाने परवाना ठेवून घेतला तर कलम २०६ प्रमाणे त्याने पोच दिली पाहिजे, आणि परवाना परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते. हे हक्क आहेत, ते नम्रपणे सांगता येतात.

आता दुसरी बाजू. हंगामात चौदा-पंधरा वर्षांचे पोरगे ट्रॅक्टरवर बसवून उसाची ट्रॉली काट्यावर पाठवणारे सभासद आजही आहेत. "पोरगं हुशार हाय, सांभाळून आणतंय," असे सांगतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. त्या मुलाला पुढे पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. जादा भाराला केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे. आणि दंडाचे सोडा, अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते तेव्हा जाणारा मुलगा आपल्याच कोणत्यातरी गावचा असतो. तेव्हा जो नाकेवाला अशी ट्रॉली अडवतो त्याला शत्रू समजू नये.

लाच देण्याविषयीही कायदा बदलला आहे. २०१८ पासून लाच देणारालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोणी भाग पाडून पैसे घेतले तर सात दिवसांत कळवणाराला संरक्षण मिळते. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे.

निघण्यापूर्वी

१) मूळ परवाना, आंतरराष्ट्रीय परवाना, पासपोर्ट, गाडीचे कागद व विमा एका पिशवीत ठेवावे. प्रत्येकाची एक छायाप्रत दुसऱ्या पिशवीत असावी आणि एक संच घरी ठेवावा.

२) प्रत्येक कागदाची मुदत संपण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.

३) ज्या देशात जायचे तिथे गाडी कोणत्या बाजूने चालते, दारूची मर्यादा काय, अडवल्यावर खाली उतरायचे की आत बसायचे, या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात.

४) पट्टा मागच्या सीटवरही लावावा. आजीनेसुद्धा.

५) भाषा येत नसेल तर हसू नये, ओरडू नये. कागद पुढे करावा आणि थांबावे.

पोराबाळांकडे, देवाधर्माला अवश्य जावे. उसाने दिलेल्या पैशाचा तो चांगला विनियोग आहे. निघण्यापूर्वी गट ऑफिसला येणे झाले तर वरील यादी सोबत न्यावी, आणि परत आल्यावर तिकडच्या रस्त्याचा अनुभव आम्हांसही सांगावा. यात्रेच्या गडबडीत जुलैच्या लागणीची नोंद मात्र वेळेवर करण्यास विसरू नये, ही विनंती.